बाविसाव्या मिनिटाची उडी

आवाज उडायचा थांबला आणि त्या दुपारपासून माझ्या डोक्यात घोळ सुरू झाला. त्याआधीचे तीन महिने तसे बरे गेले होते. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये आवाज वाजवायचा एक प्रोग्रॅम आहे, लोक घरी ज्यावर गाणी ऐकतात तसलाच. तो मधूनच ‘टक’ करायचा आणि थोडं पुढे जाऊन वाजायला लागायचा. दर पानाला एकदा, कधी दोनदा. घड्याळाच्या टिकटिकीची होते तशी मला त्याची सवय झाली होती. आवाज आहे हेच ध्यानात येत नसे. माझं काम ऐकलेलं लिहायचं. निरनिराळ्या कचेऱ्यांतून चौकश्यांची, बैठकांची, जबाबांची ध्वनिमुद्रणं आमच्याकडे येतात आणि आम्ही सातजणी कानाला हेडफोन लावून ती टाईप करतो. पायाखाली एक पट्टी असते, ती दाबली की आवाज चालतो, सोडली की थांबतो. एकोणीस वर्षं मी ही पट्टी दाबते आहे, शिवणयंत्र चालवावं तशी. नियम असा आहे की जे ऐकू आलं नाही तिथे कंसात ‘अस्पष्ट’ असं लिहायचं आणि पुढे जायचं. मी एकोणीस वर्षांत तो शब्द एकदाही लिहिलेला नाही. ही बढाई नव्हे. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख, नवीन लागलेल्यांना माझी पानं नमुना म्हणून दाखवतात. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मला ‘गाळलेल्या जागा’ म्हणते. संध्याकाळी पर्स उचलताना ती विचारते, भरल्या का गं गाळलेल्या जागा, आणि मी म्हणते, भरल्या.

तक्रारही मी केलेली नव्हती, तिने केली होती. तिला नवं मशीन हवं होतं आणि दोघींची तक्रार असली की वजन पडतं, म्हणून तिने माझंही नाव घालून दिलं. संगणक विभागाचा माणूस आला. कुठलंही दुखणं सांगा, त्याचं पहिलं औषध ‘एकदा रीस्टार्ट करून बघा’, म्हणून त्याचं नाव आम्ही रीस्टार्टराव ठेवलं आहे. बारमाही सर्दीचा, सरळ माणूस. त्याने रीस्टार्ट केलं. मग हेडफोनची वायर बदलली. मग आवाज वाजण्याआधी थोडा साठवून ठेवायची जागा असते म्हणे, ती दुप्पट केली. मग मागच्या मागे चालणारे तीन-चार प्रोग्रॅम बंद केले. प्रत्येक वेळी आवाज लावायचा, आम्ही दोघं एकेक हेडफोन कानाला लावून बसायचो, आणि टक. शेवटी त्याला सापडलं. आमची ध्वनिमुद्रणं ज्या डिस्कवर असतात ती वीज वाचवण्यासाठी मधेच झोपते आणि तिला जागं व्हायला काही सेकंद लागतात. त्याने तिचं झोपणं बंद केलं आणि नाक पुसून खुशीत हसला. पण लगेच त्याच्या कपाळावर आठी पडली. डिस्क झोपली तर आवाज नुसता थांबायला हवा, म्हणाला, उडतो कशाला? तो प्रोग्रॅमच्या पोटात शिरला, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत, दुसरीतून तिसरीत, आणि तिथे एका चौकटीत बरोबरची खूण केलेली होती. समोर लिहिलं होतं, ‘आवाज मागे पडल्यास न थांबता पुढे चला.’ ही खूण कोणी केली, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही.

मीच केली होती. एवढंही काही मोठं पाप नव्हतं ते, मग मी खोटं का बोलले कुणास ठाऊक. तीन महिन्यांपूर्वी जेव्हा पहिल्यांदा दुखणं सुरू झालं तेव्हा आवाज उडत नसे, नुसता थांबे. आठ सेकंद, नऊ सेकंद. तेवढा वेळ माझी दहा बोटं कीबोर्डवर अधांतरी आणि कानात काहीही नाही. हे मला सहन होत नाही. कुणी वाक्याच्या मधे थांबलं की माझ्या छातीत काहीतरी घट्ट होत जातं, जणू त्या माणसाचा नव्हे, माझाच श्वास अडकलाय. मी स्वतःच खटपट करून ती चौकट शोधली होती, खूण केली होती आणि त्या दिवशी शेजारणीसमोर मिरवलंही होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा तो बिचारा रीस्टार्टराव तासभर वायरी उपटत बसला आणि मी शेजारी बसून त्याला चहा मागवला. त्याने खूण काढली. म्हणाला, एखादी जुनी, लांबलचक फाईल लावून ठेवा, बघू उडते का. आणि तो गेला.

मी हाताला लागली ती फाईल लावली. हॉस्पिटलच्या लिफ्टमनचा जबाब. दोन महिन्यांपूर्वी मीच टाईप केलेला, त्यामुळे ऐकायची गरज नव्हती. मी पट्टीवर पाय ठेवून टाचण्यांचा डबा आवरत होते. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे चाळीस मिनिटं अडकली होती. आत पक्षाघाताचा झटका आलेली एक म्हातारी स्ट्रेचरवर होती. ती वाचली, पण वेळेवर उपचार न झाल्याने तिचा उजवा हात कायमचा गेला. आदल्या दिवशीच लिफ्टला खरखर आवाज येत होता हे पुढे उघड झालं आणि चौकशी बसली. चौकशी अधिकारी प्रत्येक प्रश्नाआधी खाकरतो. बाविसाव्या मिनिटाला तो खाकरला आणि त्याने विचारलं, आदल्या दिवशीचा आवाज तुम्ही कळवला होता का? मला उत्तर पाठ होतं. माझे ओठही हलले असतील. “नाही. ते माझ्याकडून राहून गेलं.” पण कानात लिफ्टमन म्हणाला, “नाही...” आणि टक झालंच नाही. तो श्वास घेत राहिला, खुर्ची करकरली, आणि मग तो हळूहळू, एकेक शब्द जागेवर ठेवल्यासारखा बोलला: “म्हणजे, वहीत नाही लिहिलं. तोंडी सांगितलं होतं. देखभालीच्या साहेबांना. दुपारी. वहीत लिहायचं... राहून गेलं.”

टाचण्या माझ्या हातातून सांडल्या. शेजारणीने वळून पाहिलं, मी काही नाही म्हणून हात हलवला आणि फाईल मागे घेतली. नऊ सेकंद. बावीस मिनिटं चाळीस ते बावीस एकोणपन्नास. मी ते अकरा वेळा ऐकलं. मग मी ती चौकट पुन्हा शोधली, खूण पुन्हा केली. पण डिस्क आता झोपेना, म्हणून आवाजही उडेना. मला जसं ऐकू आलं होतं तसं पुन्हा ऐकायची वाटच बंद झाली होती. मग मी हातानेच ते नऊ सेकंद ओलांडून ऐकलं. नाही, राहून गेलं. नाही, राहून गेलं. हे मला ऐकू आलं होतं, इथवर तरी चूक यंत्राची होती. यंत्राची, म्हणजे झोपणाऱ्या डिस्कची. आणि त्या खुणेची. आणि खूण माझी. बरं, असू दे. पण ‘ते माझ्याकडून’ हे दोन शब्द कुठून आले? ते ना नऊ सेकंदांच्या अलीकडे होते, ना पलीकडे, ना आत. मी संबंध फाईल पालथी घातली. लिफ्टमन अख्ख्या जबाबात ‘माझ्याकडून’ हा शब्द एकदाही बोललेला नाही. आणि तरी मला तो ऐकू आलेला आठवत होता, त्याच्या आवाजात, शेवटी जरा खाली उतरणाऱ्या त्याच्या सुरात. आजही आठवतो. मी शपथेवर सांगितलं असतं.

मला खात्री होती की यंत्र उडतं ते फक्त गप्प जागांवरून. हे मी ठरवूनच टाकलं होतं. माणूस बोलतो त्यापेक्षा गप्पच जास्त असतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मधली शांतता कुणी टाईप करत नाही, मग ती गेली तर बिघडलं काय? आणि ‘नाही, राहून गेलं’ हे वाक्य पानावर लंगडं दिसतं. त्याला पाय दिले पाहिजेत. ते मी दिले असणार. कधी दिले, कसे दिले, देताना मला कळलं होतं का, यातलं काहीच मला आठवेना, आणि जे आठवत होतं ते घडलेलंच नव्हतं. मी टेबलाखाली वाकून टाचण्या वेचत राहिले. तिथे बरं वाटत होतं.

आमच्या घरी वाक्य पुरं करण्याची जबाबदारी आईकडे होती. बाबा अडखळत बोलतात. नकाशे काढायचं काम करायचे, दिवसभर खाली मान घालून रेघा ओढायच्या, बोलायची वेळच येत नसे. बोलायची वेळ आली की पहिल्या अक्षरावर चाक रुतायचं. आई शेजारीच असायची. ती त्यांच्या तोंडातला शब्द अलगद काढून घ्यायची आणि पूर्ण वाक्य करून समोरच्याला द्यायची, आणि बाबा मान हलवायचे. लहानपणी मला वाटायचं, आईला त्यांच्या मनातलं कळतं. बरीच मोठी झाल्यावर लक्षात आलं की बाबा कुठल्याही वाक्याला मान हलवतात. कारण ‘नाही, असं नाही’ म्हणायचं तर पुन्हा पहिल्यापासून बोलावं लागतं, पुन्हा ते चाक, पुन्हा समोरच्याचे ते दयाळू डोळे. त्यापेक्षा हो. आईनंतर हे काम वारसाहक्काने माझ्याकडे आलं, खरं तर आधीपासूनच मी तिची मदतनीस होते. माझं लग्न ठरत होतं तेव्हा पाहुणे गेल्यावर बाबांनी मला गॅलरीत बोलावलं होतं. मुलगा त्यांनी पाहिला होता, दोन तास समोर बसून. ते म्हणाले, “मला वा... मला वाटतं...” आणि त्यांच्या मानेवरची शीर फुगली. माझ्याने बघवेना. मी म्हणाले, चांगला आहे, ना बाबा? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. बावीस वर्षं झाली त्याला. नवरा खरोखरच चांगला आहे, तक्रारीला जागा नाही. पण त्या दुपारी टेबलाखाली पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की बाबा ‘चांगला आहे’ म्हणणार होते हे मला कुणी सांगितलं?

आणि लिफ्टमनचा निकालही मीच टाईप केला होता, हे मला बसमध्ये आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी त्याच अधिकाऱ्याने सांगितलेला मजकूर माझ्याच कानात आला होता. तो खाकरला होता आणि म्हणाला होता, कर्मचाऱ्याने स्वतःच्या जबाबात स्पष्ट कबुली दिली आहे की, अवतरण चिन्ह सुरू, ते माझ्याकडून राहून गेलं, अवतरण चिन्ह पूर्ण. सबब त्यांस कामावरून कमी करण्यात येत आहे. मी अवतरण चिन्हं घातली होती. माझेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून माझ्याकडे परत आले होते, आणि ओळख पटली नव्हती. उलट मला बरं वाटल्याचं आठवतं, की चला, जबाब नीट टाईप झालेला दिसतोय. त्याच निकालात खाली लिहिलं होतं, या आदेशावर तीस दिवसांत अपील करता येईल. मी बसच्या खिडकीवर बोट ठेवून दिवस मोजले. आठ उरले होते.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो भांडी पुसत होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, त्याची पद्धतच तशी, आणि विचारलं की जबाबावर सही कुणाची आहे. मी म्हटलं, त्या माणसाची. वाचून केली? वाचूनच करतात. “मग तू टाईप केलंस, त्याने वाचलं, त्याने सही केली,” तो म्हणाला. “चुकीचं असतं तर तो बोलला नसता का?” हे अगदी बरोबर होतं आणि मला रडू यायला लागलं. त्याला काय झालं ते कळेना, मलाही धड सांगता येईना. बाबा आता आमच्याकडेच असतात; ते टेबलाच्या टोकाला बसले होते, नेहमीसारखे. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि काहीही प्रस्तावना न करता विचारलं, “बाबा, गॅलरीत त्या दिवशी तुम्ही काय म्हणणार होतात?” कुठला दिवस हे त्यांनी विचारलं नाही. म्हणजे त्यांना कळलं होतं, किंवा कळलंच नव्हतं. त्यांनी चष्मा काढला. “मला...” ते म्हणाले. “मला...” मी शब्द पुरवला नाही. “मला...” आणि नवरा ओट्यापासून म्हणाला, “पाणी हवंय का बाबा?” बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मान हलवली. त्याने आणून दिलेला पेला त्यांनी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत संपवला. तहान नव्हती त्यांना, हे मी सांगते. पण हे तरी मी कशावरून सांगते?

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंकडे गेले. खूण माझी होती हेही सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, जे त्या कधी करत नाहीत. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, दुरुस्तीचा कागद तू द्यायचा म्हटलास तर मी अडवणार नाही. पण मग तीन महिन्यांतल्या तुझ्या एकेचाळीस फाइली पुन्हा ऐकाव्या लागतील, आणि तुझ्याच का, एकोणीस वर्षांतल्या कुठल्याही पानावर कुणीही बोट ठेवेल. इतरजणींच्याही. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, जिथे माझी नमुन्याची पानं असतात. मग हळूच विचारलं, “तुला नक्की आठवतं का, तेव्हा उडी तिथेच पडली होती? की आता तसं वाटतंय?” मी तोंड उघडलं आणि माझं चाक रुतलं. कारण खरंच, उडी पडलेली मला आठवत नव्हती. मला ‘ते माझ्याकडून’ आठवत होतं. बाईंनी मी बोलायची वाट पाहिली, आणि मग त्याच म्हणाल्या, “तू थकली आहेस. उद्या रजा घे.” मी मान हलवली.

रजेच्या दिवशी सकाळी मी दुरुस्तीचा कागद लिहिला. हाताने, कारण मशीनसमोर बसवेना. अमुक फाईल, अमुक मिनिट, जबाबात लिहिलेलं वाक्य असं, ध्वनिमुद्रणातलं असं, फरक माझ्यामुळे. चार ओळींना दोन तास लागले. एक प्रत मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवून आले. त्या जागेवर नव्हत्या, आणि मला हायसं वाटलं याची लाजही वाटली. दुसरी पर्समध्ये ठेवली. जबाब देणाऱ्याला भेटायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे. पण पत्ता जबाबाच्या पहिल्याच पानावर असतो आणि मी तो कधीतरी टाईप केलेला होता. पाय आपोआप गेले म्हणणं सोपं आहे, पण तसं नाही, मी विचारत विचारत गेले. लिफ्टमनच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. चार जिने चढून मी धापा टाकत उभी राहिले तेव्हा दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी कोण ते सांगितलं, तिला वाटलं आणखी कसला तरी कागद सहीला आलाय. तिने आत हाक मारली आणि बाजूला झाली.

आवाजावरून मी माणूस उभा केला होता तो बुटका, जाडसर होता. हे उंच आणि किडकिडीत निघाले, केस पांढरे, हात मोठे. खोलीत एक पलंग, एक टेबल, खिडकीत कपडे वाळत घातलेले. दुपारची वेळ, आणि कामावर असायचा माणूस घरात असला की खोली कशी चोरट्यासारखी होते, तशी ती झाली होती. मी त्यांना सगळं सांगितलं. झोपणारी डिस्क सांगितली, खूण सांगितली, नऊ सेकंद सांगितले. ते लक्ष देऊन ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग येईना. मी वाट बघत होते रागाची. शेवटी मी विचारलं, “तुम्ही जबाब वाचलात ना? तेव्हा का नाही बोललात?”

“वाचला की,” ते म्हणाले. “साहेब म्हणाले, चूक असेल तर सांगा. पण सगळं इतकं नीट लिहिलेलं होतं. मी असं नीट कधी बोलत नाही. वाटलं, आज बोललो असेन.”

त्यांची बायको दारात उभी होती. ती म्हणाली की त्यांनी घरीही तेच सांगितलं होतं, माझ्याकडून राहून गेलं. आधी, म्हणजे चौकशीच्या आधी, ते म्हणत होते की मी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं. मग सही करून आले त्या दिवसापासून म्हणायला लागले, राहून गेलं. तिने त्यावरून भांडणही केलं होतं. नंतर एका सकाळी ते त्या म्हातारीच्या घरी गेले, हात गेलेल्या. तिच्या मुलासमोर उभं राहून म्हणाले, चूक माझी आहे. मुलाने दार लावून घेतलं. दोन शब्द. मी वाक्य लंगडं दिसतं म्हणून दोन शब्द घातले आणि हा माणूस ते शब्द अंगावर घालून परक्याच्या दारात जाऊन उभा राहिला. मला त्यांची माफी मागायची होती, तीही मी घरून नीट बसवून आणली होती, पण ते माझ्याकडे अशा नजरेने पाहत होते की बोलताच येईना. तिथे दोष नव्हता. विचारणा होती.

“म्हणजे मी सांगितलं होतं?” त्यांनी विचारलं. “खरंच सांगितलं होतं का मी?”

“जबाबात तुम्ही तसं म्हणालात,” मी म्हणाले. “मला तेवढंच माहीत आहे.”

त्यांनी मला ते वाक्य म्हणायला सांगितलं. मी म्हटलं. अकरा वेळा ऐकलेलं होतं, त्यांच्या थांब्यांसकट म्हटलं. म्हणजे, वहीत नाही लिहिलं. तोंडी सांगितलं होतं. देखभालीच्या साहेबांना. दुपारी. ते मान तिरकी करून ऐकत होते, दुसऱ्या कुणाची बातमी ऐकावी तसे. पुन्हा म्हणा, म्हणाले. मी पुन्हा म्हटलं. मी तिसऱ्यांदा म्हणत असताना त्यांनी हात वर केला आणि बोलायला लागले. देखभालीचे साहेब शिडीवर होते. खालच्या मजल्यावरचा दिवा बदलत होते. त्यांच्या तोंडात स्क्रू धरलेला होता, म्हणून ते नुसतं ‘हं’ म्हणाले. शिडी हिरवी होती. तिचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली होती. ते सलग बोलत होते, कुठेही न थांबता, न श्वास घेता. त्यांच्या बायकोचा चेहरा उजळला. आणि मला भीती वाटायला लागली. बावीस मिनिटंच नव्हे, मी या माणसाचा दीड तासाचा जबाब ऐकला होता; खरं सांगताना हा माणूस थांबत थांबत बोलतो. असं गुळगुळीत, सांधा न दिसणारं बोलणं मला चांगलं ओळखीचं आहे. ते मी करते. पण तीन महिन्यांनी एकदम आठवलं तर माणूस असाच बोलणार नाही का, धबधबा? शिडीचा आखूड पाय कुणी उगाच कशाला रचेल? आणि रचायचाच तर असाच बारीक तपशील रचेल, नाही का? मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं, हे मला दिसत होतं. ते बोलता बोलता माझ्या चेहऱ्यावर शोधत होते की पटतंय का.

मी पर्समधला कागद काढून त्यांना दिला. हा अपिलाला जोडा, मी म्हणाले, सहा दिवस आहेत. त्यांनी तो वाचला, बायकोने वाचला, मग त्यांनी पुन्हा वाचला. समाधान झालं नाही. ते म्हणाले, यात शिडी नाही. मी म्हटलं, शिडी ध्वनिमुद्रणात नाही, तिथे नाही ते मला लिहिता येत नाही. हे वाक्य माझ्याच तोंडून ऐकताना मला कसंसंच झालं. शिडीचं तुम्ही लिहा, अपिलात, तुमच्या शब्दांत.

“मी लिहिलं तर कोण खरं मानणार?” ते म्हणाले. “तुम्ही लिहिलंत की खरं वाटतं.” मग जरा ओशाळून म्हणाले, “मलासुद्धा.”

त्यांच्या बायकोने टेबलावरचं सामान बाजूला केलं, कोरा कागद आणला आणि माझ्यासमोर ठेवला. मी तो फिरवून त्यांच्याकडे केला आणि माझं पेन त्यावर ठेवलं. खिडकीतले कपडे हलत होते. त्यांनी पेन उचललं, त्या मोठ्या हातात ते अगदीच बारीक दिसत होतं, आणि कागदाच्या वरच्या टोकाला सावकाश लिहिलं, ‘त्या दिवशी दुपारी’. तिथे हात थांबला. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. एक सेकंद गेला, दोन गेले, पाच गेले. त्यांनी डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं आणि वाट बघत राहिले. पुढचा शब्द मला ठाऊक होता.